लाटेचा तळ

कलबुर्गीहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडगंची हे गाव लागते. मराठी वाचकाला ते ठाऊक असलेच तर ‘गुरुचरित्रा’मुळे ठाऊक असते, कारण नृसिंह सरस्वतींचे शिष्य सायंदेव हे इथले, आणि त्यांच्याच वंशातील सरस्वती गंगाधर याने, आपल्याला महाराष्ट्र भाषा अवगत नाही अशी ग्रंथारंभीच नम्र कबुली देऊन, मराठी माणसाने पुढे शतकानुशतके ज्याची पारायणे केली तो ग्रंथ रचला. आता गावाच्या शिवारात कर्नाटकाच्या केंद्रीय विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार उभे राहिले आहे, आणि बाहेरून येणारा माणूस बहुधा तिकडेच वळतो. मी वळलो तो जुन्या गावाकडे. चैत्र संपत आला होता. तूर केव्हाच निघून गेली होती, काळ्या रानाला भेगा पडू लागल्या होत्या, आणि साडेतीनशे किलोमीटरांवर पश्चिमेला जो समुद्र आहे त्याची आठवण करून देणारे काहीही, अगदी आभाळातला एखादा ढगसुद्धा, कोठे दिसत नव्हते.

ज्यांच्या घरी मी मुक्कामाला होतो त्यांना मी अप्पा म्हणतो. घराणे कुलकर्ण्यांचे, वतन गेले, पण निजामाच्या अमदानीतील मोहरा उमटवलेले कागद अजून लाल रुमालात बांधून माळ्यावर ठेवलेले. संध्याकाळी ओसरीवर बसलो असता, कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या भाच्याने धाडलेली एक चित्रफीत मी त्यांना दाखविली. चोहोकडे सपाट शेतजमीन, मध्ये एक लांबट तळे, पाणी आरशासारखे निश्चल. आणि मग एका टोकाकडून काचेच्या घडीसारखी एक लाट उठते, आपल्या कडेवर एक माणूस फळीसकट उभा करून घेते आणि त्याला जवळजवळ मिनिटभर वाहून नेते. अप्पांनी ती दोनदा पाहिली. पाणी गोडे आहे की खारे, असे विचारले. गोडे, मी म्हणालो. थोडा वेळ गेल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न केला, “मग ती लाट नंतर जाते कुठं?”

पहिला प्रश्न शेतकऱ्याचा होता आणि तो अपेक्षितच होता. दुसऱ्याने मात्र मला पुढचे कित्येक आठवडे कामाला लावले. कारण सर्फिंगसाठी कृत्रिम लाटांचे तलाव बांधणाऱ्या मंडळींची झोप ज्या प्रश्नाने उडविली आहे तो हाच, हे मला मागाहून कळले.

भाच्याच्या चित्रफितीतील तळे लेमूर नावाच्या गावाजवळ आहे. अकरा वेळा जगज्जेता ठरलेला केली स्लेटर हा सर्फिंगपटू आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील द्रवगतिशास्त्रज्ञ ॲडम फिंचम यांनी तेथे वर्षानुवर्षे गुपचूप खटपट करून, डिसेंबर २०१५ मध्ये ती लाट जगाला दाखविली. हा प्रदेश समुद्रापासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटर आत, कापसाचा आणि टोमॅटोचा. आपल्या कडगंचीच्या मुलखासारखाच पाटाच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेला. त्यातली गंमत अशी, की लेमूरच्या दक्षिणेस एके काळी तुलारे नावाचे प्रचंड नैसर्गिक सरोवर होते. सिएरा पर्वतातून येणाऱ्या नद्यांचे पाणी शेतीसाठी वळवून माणसाने ते आटवले आणि त्याच्या तळावर पिके काढली. जेथे खरे सरोवर होते तेथे शेते, आणि शेतांच्या शेजारी खोटी लाट. २०२३ च्या अतिवृष्टीत ते सरोवर पुन्हा प्रकट झाले आणि काही काळ हजारो एकर रान गिळून बसले, यावरून पाण्याची स्मृती महसूल खात्याच्या दफ्तरापेक्षा चिवट असते असे म्हणावेसे वाटते.

आता अप्पांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर आधी लाट म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हे सांगणे सोपे. मोटेचा नाडा जरा सैल असताना त्याला एक झटका दिला तर एक वळसा नाड्यावरून सरसर पुढे धावत जातो; नाडा जागीच असतो, धावतो तो केवळ झटका. खोल समुद्रावरच्या लाटेचेही तसेच. पाण्याचा प्रत्येक कण आपल्या जागी एक वर्तुळ काढून जवळपास तेथेच परत येतो, आणि शेकडो मैल प्रवास करते ती ऊर्जा. दोन शिखरांमध्ये १० सेकंदांचे अंतर असलेली लाट खोल पाण्यात ताशी ५६ किलोमीटर वेगाने चालते आणि तिची लांबी सुमारे १५६ मीटर असते. अशी लाट किनाऱ्याकडे येऊ लागली, की तिला खालून जमीन लागते. पाणी उथळ झाल्यावर लाटेचा वेग तिच्या स्वतःच्या मर्जीचा राहत नाही, तो पूर्णपणे खोलीच्या हुकमतीखाली जातो. दोन मीटर पाण्यात तीच लाट ताशी १६ किलोमीटरांवर येते. मागची गर्दी पुढे रेटत असते, पुढचा भाग अडखळलेला असतो, म्हणून लाट उंचावते, तिचा माथा पुढे झुकतो, आणि लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊण पटीच्या थोडी वर गेली की ती फुटते. दीड मीटरची लाट साधारण दोन मीटर पाण्यात फुटणार, हा हिशेब कोळ्याच्या पोराला गणिताशिवाय कळतो.

पण कशी फुटणार, हे मात्र तळाचा उतार ठरवितो. उतार मंद असेल तर माथ्यावरून फेस निथळत ती हळूहळू विरते. तीव्र असेल तर माथा कमानीसारखा पुढे पडून आत पोकळ नळी तयार होते, आणि सर्फिंग करणारे लोक जिच्यासाठी जग पालथे घालतात ती हीच नळी. फार तीव्र उतारावर ती फुटतच नाही, नुसती चढते आणि उतरते. शिवाय संपूर्ण लाट एकाच क्षणी आडवी कोसळली तर फळीवरच्या माणसाला तिचा काही उपयोग नाही; तिने एका टोकापासून दुसऱ्याकडे, पुस्तकाचे पान उलटावे तशी क्रमाक्रमाने मोडत जावे लागते, आणि त्यासाठी तळ लाटेला तिरका लागला पाहिजे. लाट उत्पन्न करण्याची यंत्रे दीडशे वर्षे होती. लाट फळीला मानवेल अशी मोडत मात्र नव्हती, कारण सर्वांची नजर यंत्रावर होती. तळाकडे कोणी पाहत नव्हते.

त्या दीडशे वर्षांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, पण तो येथे धावता सांगणे पुरे. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने आपल्या लिंडरहोफ येथील कृत्रिम गुहेत, ऑपेराच्या नादात, तळ्यावर तरंग उठविणारे यंत्र १८७० च्या दशकात बसविले. बुडापेस्टच्या गेलर्ट स्नानगृहातील लाटांचा हौद १९२७ चा, आणि त्यात लोक कित्येक दशके डुंबत आले. सर्फिंगच्या दृष्टीने पहिला गंभीर प्रयत्न १९६९ साली झाला तो ॲरिझोनाच्या वाळवंटात, टेंपी येथे: फिल डेक्स्टर नावाच्या अभियंत्याने एका भिंतीमागे पाणी उंच साठवून ते तळाच्या दारांतून एकदम सोडण्याची योजना केली. कडगंचीच्या वाचकाने याला धरणाचे दार उघडणे म्हणावे, आणि ते चूक होणार नाही. १९८५ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे अशाच एका हौदात व्यावसायिक सर्फिंगपटूंची जागतिक स्पर्धा भरविण्यात आली. ऑस्ट्रेलियाचा टॉम कॅरोल ती जिंकला, पण लाटा इतक्या लेच्यापेच्या निघाल्या की त्या प्रकाराची पुढे कित्येक वर्षे थट्टाच होत राहिली. आपल्याकडे सुटीच्या दिवशी पोराबाळांसह ज्यांत आपण डुंबतो ते वॉटर पार्कमधले लाटांचे हौद याच कुळातले. त्यांत माणूस वर-खाली होतो, पुढे जात नाही.

स्लेटर आणि फिंचम यांनी निराळी वाट धरली, आणि ती वाट पाहू गेल्यास १८३४ सालची आहे. स्कॉटलंडमध्ये जॉन स्कॉट रसेल हा तरुण अभियंता एका कालव्याच्या काठाने घोड्यावरून चालला असता, घोडे ओढत असलेली एक नाव अकस्मात थांबली आणि तिच्या पुढ्यात साठलेले पाणी एकच गोल उंचवटा होऊन पुढे निघाले. रसेलने घोडा मागे लावला. मैल-दोन मैल तो उंचवटा आपला आकार न मोडता ताशी आठ-नऊ मैल वेगाने चालतच राहिला. लेमूरला नावेच्या जागी पाण्याखाली बुडालेला एक अजस्र फाळ आहे. तळ्याच्या कडेने रुळांवरून धावणारी गाडी तो ओढते, आणि नांगराने ढेकूळ परतावे तसा तो पाणी एका बाजूला परतत जातो. वेग ताशी तीसेक किलोमीटर. पण हा फाळ सगळीकडे सारखाच धावत असता लाट कोठे सपाट व मोकळी, कोठे नळीसारखी पोकळ होते, याचे कारण त्याखालचा तळ हातभर अंतरावर बदलत नेलेला आहे. सगळी कारागिरी पाण्याखाली झाकलेली.

दुसरी शाळा स्पेनच्या बास्क प्रांतातील. वेव्हगार्डन या कंपनीने वेल्समध्ये २०१५ साली असाच ओढत्या फाळाचा तलाव उघडला. मागाहून तो मार्ग सोडून त्यांनी मधोमध एक धक्का बांधला आणि त्याच्या पोटात ओळीने विजेच्या फळ्या बसविल्या. एकामागून एक, किंचित उशिराने ढकलल्या जाणाऱ्या या फळ्या तिरकी लाट उठवितात. ब्रिस्टल येथे २०१९ मध्ये आणि मेलबर्न येथे २०२० मध्ये या पद्धतीचे तलाव सुरू झाले, आणि तासाला हजारपर्यंत लाटा काढता येतात असा कंपनीचा दावा आहे. लेमूरला एका लाटेनंतर पाणी निवण्याची तीनेक मिनिटे वाट पाहावी लागते. येथे अप्पांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो: लाट जाते कोठे? समुद्राला पलीकडचा काठ जवळजवळ नसतोच. हौदाला चारी बाजूंनी काठ असतो. फुटून उरलेले पाणी भिंतीवर आदळून परत फिरते, मागून येणाऱ्या लाटेच्या पायात पाय घालते, आणि पाचव्या-सहाव्या लाटेला सगळ्या हौदाचा रांजण होऊन तो नुसता हिंदकळू लागतो. म्हणून लाट निर्माण करण्याच्या खर्चाइतकीच अक्कल तिला मारण्यावर खर्च करावी लागते.

आणि लाट मारण्याची विद्या आपल्या घरात आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी स्थापन केलेल्या लहानशा शाखेतून ते वाढले. क्लॉड इंग्लिस हे त्याचे आरंभकाळचे प्रमुख; इकडच्या कालव्यांवर आणि नद्यांच्या प्रतिकृतींवर हात बसवून ते विलायतेला परतले, तेव्हा वॉलिंगफर्डच्या तसल्याच सरकारी प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. म्हणजे जलप्रतिकृतींच्या शास्त्रात खडकवासला शिष्य नसून गुरू होता, असे म्हणण्यास हरकत नाही. पुणेकरांना मात्र खडकवासला म्हटले की १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूरच आठवतो.

या केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती करतात. मोठ्या मांडवाखाली सिमेंटच्या उथळ हौदात एखाद्या बंदराचा सागरतळ, मोजणीच्या नकाशावरून, खाचखळग्यांसकट घडविला जातो. एका बाजूस यंत्राने हलणारी फळी असते, दुसऱ्या बाजूस दगडगोट्यांचा उतार. फळी पुढे-मागे होते आणि घोट्याएवढ्या पाण्यात पश्चिम समुद्रावरचे वादळ सुरू होते. हे वादळ खरे कसे मानायचे, याचा कायदा विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने बसविला; त्याने १८७२ मध्ये टॉर्की येथे जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहण्यासाठी हौद बांधला होता. लांबी शंभरपटीने कमी केली तर काळ दहापटीने आखडतो, आणि वजन दहा लाखपटीने. दोन मीटरची लाट दोन सेंटिमीटरची होते, दहा सेकंदांची लाट एका सेकंदाची, सहा तासांचे तुफान छत्तीस मिनिटांत आटोपते, आणि मरीन ड्राइव्हवर आपण ज्यांवर बसून कणीस खातो तसला चार पायांचा दहा टनी ठोकळा दहा ग्रॅमचा होऊन चिमटीत मावतो.

या मंडळींना लाट हवी असते ती केवळ तिचा निकाल लावण्यासाठी. धक्क्याला लागलेले जहाज हिंदकळू नये, गाळ साचू नये, बांध ढासळू नये, म्हणून ते बांध दहा प्रकारे फिरवून पाहतात. लाट बंदरात शिरता शिरता गतप्राण झाली की त्यांचे काम फत्ते. पलीकडचा तो दगडगोट्यांचा उतार हेच अप्पांच्या प्रश्नाचे उत्तर. लाट त्या भेगांतून, छिद्रांतून शिरते, आपटते, घुसळते, आणि परत फिरण्याइतके त्राण तिच्यात उरत नाही. सर्फिंगच्या तलावांचे रचनाकार काठाला हाच उतार, हीच छिद्रे, हेच कठडे देतात. एकाच शास्त्राची ही दोन टोके: एकाला लाट गप्प करायची, दुसऱ्याला ती बोलकी करून मगच गप्प करायची. फरक इतकाच, की बंदराचा अभियंता आपली प्रतिकृती विश्वासाने मोठी करू शकतो, आणि खेळाच्या लाटेचा रचनाकार तसे करू शकत नाही. कारण पाण्याचा पृष्ठताण आणि फेसातले बुडबुडे कोणाच्याही प्रमाणात आखडत नाहीत. चहाच्या बशीत नळी होत नाही. शेवटी खरा तलाव बांधून, त्यात कोणाला तरी उभे करून, मग पुन्हा तळ फोडून नीट करावा लागतो.

तळाचे महत्त्व या मुलखाला नवे नाही. कडगंचीपासून बिदर दूर नव्हे. बहमनी सुलतानांनी राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे कलबुर्गीहून, तेथे नेली ती पंधराव्या शतकात, आणि खडकाळ पठारावरच्या त्या शहराला पाणी पाजण्यासाठी इराणी धर्तीचा भूमिगत कालवा खोदविला. नौबादजवळचा हा करेज लोक सुरंगबावी म्हणून ओळखतात. वरून पाहावे तर ओळीने विहिरींसारखी तोंडे. आत उतरावे तर एकच बोगदा, आणि त्याचा उतार असा बेताचा की पाणी थांबू नये आणि धावूही नये. थांबले तर गाळ, धावले तर झीज. पाचशे वर्षांपूर्वी अंधारात, दिव्याच्या उजेडात, वितभराचा फरक सांभाळीत तो तळ कोणी तरी कोरला. त्या कारागिराचे नाव दफ्तरात नाही. आणि महाराष्ट्रातील निम्म्या घरांचा तळ ज्या फरशीचा, ती शहाबादी फरशीही कडगंचीच्याच जिल्ह्यातली, हे जाता जाता.

मग कडगंचीला लाट होईल काय? तंत्राला अडचण नाही. मी हिशेब मांडून पाहिला. दोन मीटर उंचीची, आठ सेकंदांची लाट दर मीटर रुंदीला सुमारे ३० किलोवॅट शक्ती वाहून नेते. शेतकऱ्याच्या भाषेत पाच एचपीच्या आठ मोटारी. लाट शंभर मीटर रुंद असेल तर आठशे मोटारी, आणि येथे एका मोटारीची वीज रात्री किती वाजता येते याच्या चर्चेवर गावातला पार जागा असतो. पाण्याचे म्हणावे तर एक हेक्टरचा, सरासरी दीड मीटर खोल तलाव म्हणजे दीड कोटी लीटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी गेली, ती सुमारे पाच लाख लीटर पाणी घेऊन. लातूरकरांनी तिचे स्वागत कसे केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. तशा तीस गाड्या लागतील. आणि एकदा भरून भागणार नाही, कारण दख्खनच्या या उन्हात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड-दोन मीटरांचा थर उडून जातो, म्हणजे तलाव वर्षातून एकदा सबंध स्वतःलाच पिऊन टाकतो. आभाळातून परत मिळतात ते सातशे-आठशे मिलिमीटर. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात ला क्विंटा नगराच्या परिषदेपुढे २०२२ मध्ये असाच एक प्रस्ताव आला होता. गावकऱ्यांनी पाण्याचा प्रश्न लावून धरला आणि परिषदेने तो फेटाळला. जिराईत माणसाचे मन सगळीकडे सारखेच.

समर्थकांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. गोल्फच्या हिरवळीला याहून अधिक पाणी लागते, असे ते सांगतात, आणि ते खोटे नाही. पण दोन उधळपट्ट्यांची तुलना करून त्यांतली धाकटी काटकसरी ठरविण्याचा हा युक्तिवाद मला मान्य होत नाही. ज्याला लाटेवर उभे राहायचेच आहे त्याने याच राज्यात मंगळूरजवळ मुल्कीला जावे. जॅक हेबनर या अमेरिकन वैष्णव संन्याशाने २००४ मध्ये तेथे आश्रम मांडून सकाळी जप आणि मग फळी असा क्रम लावून दिला, आणि भारतातील सर्फिंगचा पाया बहुतांशी त्या आश्रमातच घातला गेला. तेथे तळ समुद्राने स्वतः घडविला आहे. तो रोज बदलतो, आणि त्याची पाणीपट्टी नाही.

हे सगळे गाठीशी बांधून मी पावसाळ्याआधी पुन्हा कडगंचीला गेलो आणि अप्पांना त्यांचे उत्तर दिले: लाट काठाच्या दगडांत जिरते, न जिरली तर परत फिरते आणि पुढचीला मोडते. त्यांनी मान डोलावली. मला वाटले, अधिक काही विचारतील. ते उठून परसातल्या विहिरीकडे गेले, मीही मागोमाग गेलो. पाणी खाली, फार खाली, ताटाएवढे दिसत होते. त्यांनी पोहरा सोडला. तो आपटल्याचा आवाज उशिराने वर आला. वर्तुळ निघाले, दगडी बांधणीला लागले, परत फिरले, मधोमध दुसऱ्या वर्तुळाला भेटले, पुन्हा काठाला गेले. अप्पा रहाटावर हात ठेवून थांबले होते. पाणी निवल्याशिवाय ओढले तर गाळ येतो, ते म्हणाले.